अनातोलीचं पुस्तक आणि माझी चौदा पानं

अनातोली सेबुफू आणि मी एकाच दिवशी, एकाच बिशपांच्या हातून धर्मगुरू झालो. त्याच्या मिस्सेला माणसं दारात उभी राहतात. माझ्या मिस्सेला बसतात, आणि प्रवचन सुरू झालं की झोपतात. मी मोजतो. सरासरी एकवीस.

त्यात त्याने परवानगी न घेता पुस्तक छापलं. चर्चात लग्न न केलेल्यांना आपण ख्रिस्तप्रसाद नाकारतो, त्यांनी दान दिलेले केळीचे घड मात्र वेदीपर्यंत चालतात, असं त्यात लिहिलेलं. हे वाक्य मला का सुचलं नाही, म्हणून मी आठवडाभर नीट जेवलो नाही.

बिशपांनी मला बोलावलं. "बेनेदिक्त, तपासा. चूक असेल ती ओळ दाखवा. तुमच्या अहवालावर त्याचं तोंड बंद करायचं की नाही ते ठरेल."

कळताच अनातोली आला, माझ्या शेंगदाण्याच्या कालवणावर ताव मारत बसला.

"वाचलंस?"

"दोनदा."

"मग आवडलंय तुला. नावडतं पुस्तक तू एकदाही संपवत नाहीस."

मी चौदा पानं लिहिली. जळतो असं कुणी म्हणू नये म्हणून त्याची ओळ न् ओळ जशीच्या तशी उतरवली, खाली माझं खंडन. बिशप इतके खूश झाले की अहवाल सगळ्या चर्चांत, प्रवचनाच्या जागी, वाचायचा हुकूम निघाला.

मीही वाचला. त्याच्या ओळी आल्या की माणसं पुढे सरकायची, माझं खंडन आलं की खोकायची. घडांच्या वाक्याला सगळं चर्च हसलं. झोपलेले: शून्य.

पायरीवर नालोंगोने, जुळ्यांच्या आईने, माझा हात धरला. चर्चात लग्न नाही म्हणून ती तीस वर्षं शेवटच्या बाकावर बसते.

"फादर, आज फार छान बोललात."

"ते माझं नव्हतं, बाई. अनातोलीचं होतं."

"असू द्या. उरलेलं पुढच्या रविवारी वाचा. आमच्या म्हाताऱ्यालाही आणते."

अनातोलीला शिक्षा झाली: लिहिणं बंद, प्रवचन बंद, आणि वर्षभर माझ्या नजरेखाली, माझ्याच चर्चात. पुढच्या रविवारी तो नालोंगोशेजारी शेवटच्या बाकावर बसला. पुढची बाकं ओस. मागे मांडीला मांडी लागलेली, आणि सगळ्या माना वळलेल्या, माझ्या प्रवचनावर त्याचा चेहरा काय म्हणतो ते बघायला.

मी सवयीने मोजलं. झोपलेला एकच होता. अनातोली.