भेसळीचा लाल

"लाल रंग कधी खोटं बोलत नाही," असं मेहुण्यानं भर बाजारात जाहीर केलं. तेव्हा त्याच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी मागे चौकात गळून पडली होती आणि पायाला त्याची खबरही नव्हती.

मेहुणा पाट्या रंगवतो. रंगवाला लालमध्ये भेसळ करतो म्हणून तो भांडायला निघाला होता. मी, त्याच्या बहिणीचा नवरा, मध्यस्थ. रंगवाल्यानं तिसरा डबा उघडला आणि वैतागून म्हणाला, एकेक डोळा मिटून बघ पाहू. मेहुण्यानं उजवा मिटला, मग डावा, मग पुन्हा उजवा. भेसळ उजव्या डोळ्यात निघाली.

डॉक्टरबाईंनी मेंदूचे फोटो उजेडावर धरले. पांढरे ठिपके. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणाल्या. नसांवर वेष्टण असतं. अंगातलेच राखणदार ते शत्रूचं समजून कुरतडतात, मग मेंदूचा निरोप वाटेत अडखळतो. औषधानं पुढचे हल्ले कमी होतील. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही.

"म्हणजे भाऊबंदकीच," मेहुणा म्हणाला. बाईंना हसावं की नाही कळेना.

त्याचं नाव होतं ते एका रेघेवर. अक्षरांखालची लांब रेघ तो पट्टी न लावता, श्वास रोखून एका दमात ओढायचा. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी स्पष्टच सांगितलं: फाटकावरची पाटी जमली तर सगळ्या वर्गांच्या पाट्या तुमच्या, नाहीतर छापील लावू. ऊन टाळा, अंग तापलं की नसा आणखी रुसतात, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. पण थकवा असा, की सकाळी त्याला अंथरुणातून उठवेना. गेलो ते भर दुपारी. मी उंच स्टूल धरलं.

अक्षरं झाली. रेघ निम्म्यावर गेली आणि हात खाली उतरू लागला, म्हातारा माणूस जिना उतरतो तसा. उन्हानं नजरेवर धुकं आलेलं; त्याला दिसलं नाही. मला दिसलं. फाटकाशी उभ्या मुख्याध्यापिकांनाही, त्या वळून आत गेल्या.

"कशी आलीय?"

मी स्टूल आणखी घट्ट धरलं.

"भाऊजी, तोंड शिवलंत का? वाकडी?"

"वाकडी."

मी सांत्वनाची दोन भारदस्त वाक्यं जुळवत होतो.

"भाऊजी."

"बोल."

"हात वर होत नाहीये. नाकाच्या शेंड्यावर रंग आलाय, तेवढा पुसता का?"