हिरडबोडीच्या पाळीवरून

तलाव पाहायला जाऊ असं विक्की म्हणाला, तेव्हा मी आधी बॅग काढली आणि मग कारण विचारलं. लग्न झाल्यापासून फिरायला म्हणून आम्ही एकदाच मोहर्लीच्या जंगलात गेलो होतो, तेही त्याच्या खाणीतल्या दोस्तांच्या घोळक्यात.

"कारण कायचं? तुलेच आवडते न पाणी," तो म्हणाला. "जुनोना पाहू, घोडाझरी पाहू, अन् सिंदेवाहीकडे जंगलात एक हिरडबोडी म्हणून आहे. तिथं कोणी जात नाई. मग तुह्या आईकडे जेवू अन् वापस राजुऱ्याले."

माझं माहेर सिंदेवाहीचं, तरी हिरडबोडीचं नाव मी ऐकलं नव्हतं. पण त्या बाजूला गाव तिथे तलाव. सगळे कोण लक्षात ठेवतं. मला बरं वाटलं. आपल्याला काय आवडतं हे नवऱ्याच्या लक्षात आहे, एवढंच मी त्यातून घेतलं.

मी दिव्यानीच्या सामानाची पिशवी वेगळी भरली. दोन वर्षांची आमची मुलगी उशिरा चालायला लागली आणि अजूनही थोडं चालली की उकिडवी बसते. तान्ही असताना दूध पिताना तिच्या कपाळावर घाम यायचा. रडली की ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे होतात. हे मी पहिल्यापासून बघत आले आणि पहिल्यापासून सांगत आले. विक्की म्हणायचा, "काही नाई, अशक्त आहे. मी पण असाच होतो." सासूबाई म्हणायच्या, "बी.एस्सी.वाल्या सुनेले लेकरू नाई, प्रयोग पाह्यजे." माझी आई तर अंगणवाडी सेविका. जन्मभर दुसऱ्यांची मुलं काट्यावर ठेवून तिने वजनं घेतली. तीसुद्धा म्हणायची, "रश्मी, तू वहमी झाली बापा. आईच्या वहमानं लेकरू आजारी पडते."

एकदा खोकल्यासाठी नेलं तेव्हा राजुऱ्याच्या डॉक्टरांनी दिव्यानीच्या छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. मग माझ्याकडे न बघता विक्कीकडे बघितलं. विक्की पटकन म्हणाला, "हो सर, माहीत आहे." बाहेर आल्यावर मी विचारलं, काय माहीत आहे? तो म्हणाला, "कफ. छातीत कफ आहे म्हणत होते." मी कफाचं औषध दिलं. सगळेच एक गोष्ट सांगत असतील तर माझंच चुकत असेल, असं मला त्या दिवसांत मनापासून वाटायला लागलं होतं. मी बोलायची कमी झाले. बघायची मात्र थांबले नाही.

शनिवारी सकाळी निघालो. जुनोन्याला पाण्यावर धुकं होतं आणि हळदीकुंकू बदकं काठाशीच पोहत होती. दिव्यानी त्यांना "भू भू" म्हणाली. विक्की एवढा हसला की पाठमोऱ्या एका कुटुंबाने वळून पाहिलं. घोडाझरीला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. तिन्ही बाजूंनी डोंगर आणि मधे ते शांत, रुंद पाणी. त्यात डोंगराची सावली हळूहळू पुढे सरकत होती. विक्कीने आमचे फोटो काढले, मला चहा आणून दिला, दिव्यानीची चड्डीसुद्धा स्वतःहून बदलली. रात्री नागभीडच्या लॉजवर मी त्याला म्हणाले, "असं वर्षातून एकदा तरी यायचं." तो छताकडे बघत होता. म्हणाला, "उद्याचा तलाव होऊ दे आधी."

हिरडबोडीचा रस्ता डांबरी सोडून जंगलात शिरला. मोहाची, येनाची झाडं, त्यांच्या पानांवर लाल धूळ. गाडी एका बांबूच्या फाटकाशी थांबली. पुढे तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, गाडीभर रुंद, लांबच लांब. एका बाजूला उतारावर धानाची कापलेली शेतं आणि दुसऱ्या बाजूला पाणी. पाणी हिरवं आणि काळं, मधोमध कमळाची पानं, पलीकडच्या काठाला झाडं थेट पाण्यात वाकलेली. घोडाझरीपेक्षा लहान, पण कितीतरी सुंदर. मी बघतच उभी राहिले.

दिव्यानी माझ्या कडेवर होती.

"उतरव न तिले," विक्की म्हणाला. "चालू दे."

"थकते ती. आणि एका बाजूला पाणी आहे."

"मी पाण्याच्या बाजूनं चालतो. तू त्या बाजूनं. थोडंच आहे, त्या झाडापर्यंत."

पाळीच्या टोकाला एक मोठं हिरड्याचं झाड दिसत होतं. थोडंच नव्हतं.

"मी घेते आणि जाऊ."

"रश्मी, एवढी गोष्ट ऐक. चालू दे तिले."

त्याचा आवाज बदलला होता. विनवणीसारखा. मी तिला खाली ठेवलं. ती मजेत चालली. वाळकी काडी उचलली, टाकली, पुन्हा दुसरी उचलली. मग वेग कमी झाला. अर्ध्यावर ती उकिडवी बसली, गुडघे पोटाशी घेऊन, तोंड उघडं. मी वाकले, तर विक्की म्हणाला, "उचलू नको. बसू दे. उठते ती."

"ओठ बघा तिचे."

"थंडी आहे."

थंडी होतीच. पण माझे ओठ तसे नव्हते, त्याचेही नव्हते. दिव्यानी उठली. पुन्हा बसली. पुन्हा उठली. शेवटचा तुकडा तिने त्याचं बोट धरून पार केला. तो मागे मागे चालत, तिच्याकडे तोंड करून, "ये, ये माय माझी, आलंच आता," म्हणत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. फिरायला आलेल्या बापाच्या डोळ्यांत असं पाणी कशाला येईल, हे मला कळेना.

झाडाखाली एक म्हातारी टोपलीत शिंगाडे घेऊन बसली होती. तिने कपाळावर हात धरून आमच्याकडे पाहिलं.

"आली का? आपल्या पायानं आली?"

"आली, ठमाबाई," विक्की म्हणाला. "पूर्ण चालत आली."

तो तिचं नाव घेऊन बोलला. मी त्याच्याकडे बघितलं. तो टोपलीकडे बघत होता.

"पाह्य बरं. मी म्हणो, हा बाबू काही वापस येत नाई." म्हातारीने दिव्यानीच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. मग माझ्याकडे वळून कौतुकाने सांगायला लागली. "बाई, तुह्या नवऱ्यानं लय रडून टाकलं होतं इथी. कपड्यासकट पाण्यात उभा. मी म्हटलं, बुडते का काय हा. पोरीच्या दिलाले छेद हाये म्हणे, डाक्टरनं भरोसा देल्ला नाई म्हणे. मंग तलावाले कबूल केलं त्यानं, वाचली त पाळीवरून चालवत आणीन. आमच्या इथी असंच करतेत. लेकरू कोणी उचलून आणाचं नाई. आता कशी हाये? भरला का छेद?"

पाणी तसंच होतं. कमळाच्या पानावरून एक पक्षी लांब पायांनी चालत गेला.

"दिलाला?" मी विचारलं.

म्हातारीने विक्कीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि टोपलीतले शिंगाडे उगाच वरखाली करायला लागली. "मले काय माहीत बाई. मी आपली ऐकलेली बोलली."

मी दिव्यानीला उचललं आणि पाळीवरून परत निघाले. विक्की मागून आला. गाडीत बसल्यावर त्याने चावी लावली आणि फिरवली नाही.

"बारीक छेद होता," तो म्हणाला. "जन्मली तेव्हा. नागपूरला नेलं होतं न तिले, काचेत ठेवाले, तू इकडे टाक्यांत पडून होती. तेव्हा सांगितलं डॉक्टरनं."

"तुम्ही मला म्हणालात, कावीळ आहे."

"कावीळ पण होती."

"आणि नवस?"

नवस हा शब्द आमच्या घरात नातेवाइकांची टिंगल करायलाच वापरला जातो. आमच्या भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. विहारात प्रतिज्ञा म्हणताना विक्कीचा आवाज सगळ्यांत मोठा असतो. कोणी कोंबडं कापायला गेलं की हाच त्याला चौकात थांबवून हसायचा.

"लाज वाटत होती," तो म्हणाला. "म्हणून फिरायला जाऊ म्हटलं. तुले आवडते पण न तलाव."

"जुनोना आणि घोडाझरी कशाला मग?"

मला उत्तर माहीत होतं. थेट इथे आणलं असतं तर मी विचारलं असतं, इथेच का. कालच्या दोन्ही तलावांवर मी किती हसले होते ते आठवून मला स्वतःचीच शरम वाटली. ते फोटो त्याने स्टेटसला टाकले होते.

सिंदेवाहीला आईने पोळ्या करून ठेवल्या होत्या, लाखोरीच्या डाळीचे वडे तळत होती. दारातच म्हणाली, "आले का फिरस्ते? दे माझ्या बाईले इकडे." मी दिव्यानीला दिलं नाही. आईने माझा चेहरा पाहिला, मग विक्कीचा, आणि गॅस बंद केला.

मला तिला काही विचारावंच लागलं नाही. मी रस्ताभर हेच घोकत होते की आईला तरी माहीत नसेल.

"तुलाही," मी म्हणाले.

"बस आधी."

"तू तिला दर महिन्याला काट्यावर ठेवायचीस. वजन भरत नाही म्हणून मी रडायचे, तर तू मला वहमी म्हणायचीस."

आई खुर्चीवर बसली. पदराने हात पुसत राहिली. "तू ओली बाळंतीण होती रश्मी. टाके ओले. बाळंतिणीले असं सांगत नसतेत. धसक्यानं दूध आटते. त्या पोरीले दुधाचीच गरज होती. मीच म्हटलं जावयाले, सव्वा महिना थांबा, मंग मी सांगतो."

"सव्वा महिना होऊन किती दिवस झाले?"

"मंग ते चांगली दिसाले लागली. हसे, खेळे. तू पण जरा बरी दिसत होती. वाटलं, आजच कायले? उद्या सांगू." तिचा आवाज बारीक झाला. "उद्या उद्या करता करता सांगाचं तोंड नाई राह्यलं, बाई."

मला तिचा राग येत होता आणि तिच्या म्हणण्यातलं प्रेमही समजत होतं, आणि ते समजत होतं याचाच जास्त राग येत होता. मला जपायचं म्हणून त्यांनी मला माझ्याच डोळ्यांवर विश्वास ठेवू दिला नाही. रात्री दिव्यानीच्या छातीवर हात ठेवून मी जागी असायचे, तेव्हा या घरात आणि त्या घरात मी एकटीच खरं बोलणारी होते, आणि सगळे मला समजावत होते.

पण तेव्हा एकच प्रश्न महत्त्वाचा होता.

"डॉक्टरांनी परत कधी बोलावलं होतं?" मी विक्कीला विचारलं.

तो दारातच उभा होता, चपला पायात. "सहा महिन्यांनी. सोनोग्राफीसारखं काही असते छातीचं, ते कराले. मग ऑपरेशनचं ठरवू म्हणे."

"केलं?"

त्याने आईकडे पाहिलं.

"इकडे बघा. केलं का?"

"नाई."

"का नाही? दवाखान्याचे पैसे तर खाण देते."

"पैशाचं नाई. तुले काय सांगून नेणार होतो तिले नागपूरला? तू आली असती संग. तुले कळलं असतं." मग घाईघाईने, "अन् ते चालली न आज पूर्ण. पाह्यलं न तू? म्हणजे भरला असन छेद. ते म्हातारी पण म्हणते, जे लेकरं पाळ चालतेत—"

"ती दोनदा बसली."

आईने तोंडाला पदर लावला. दिव्यानी माझ्या खांद्यावर मान टाकून झोपेला आली होती, तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता, भरभर, उथळ. त्या नवसाच्या भरवशावर यांनी तिला दोन वर्षं अशी सोडली होती, आणि का, तर मला कळू नये.

मी आईच्या घरातून दिव्यानीचा स्वेटर, दुधाची बाटली आणि माझी एक जुनी शाल घेतली. आई म्हणाली, "जेवून तरी जा. मी येतो संग. उद्या सोमवार, दवाखाना तवाच खुलते." मी म्हणाले, "तू इथेच थांब." आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्याशी त्या आवाजात बोलले. तिने वडे डब्यात भरले आणि मी डबा घेईना, तेव्हा तिनेच तो गाडीत मागच्या सीटवर नेऊन ठेवला.

विक्की म्हणाला, "मी बोलतो डॉक्टरशी, मले सगळं माहीत आहे, कोणता वॉर्ड, काय."

"तुम्ही गाडी चालवा," मी म्हणाले. "डॉक्टरांच्या खोलीत मी जाईन. तुम्ही बाहेर बसायचं."

"मी बाप आहे तिचा."

"बाहेर बसायचं."

मी मागे बसले, दिव्यानीला मांडीवर घेऊन. नागभीडपर्यंत तो आरशातून बघत राहिला. नागपूरच्या रस्त्याला लागल्यावर म्हणाला, "आजची रात्र कुठी राहाचं मग? तिकडे आपलं कोणी नाई."

"दवाखान्याच्या समोर. कोणता आहे ते तुम्हालाच ठाऊक आहे," मी म्हणाले. "तिथे न्या."