दुसऱ्या बांधीचे पऱ्हे

प्रफुलने शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून पऱ्ह्यांची, धानाच्या कोवळ्या रोपांची, पेंढी पाणी भरलेल्या बांधीत भिरकावली. रोवणाऱ्या बायकांच्या ओळीमागे ती चिखलात पडली. मयुरीने ती ओढून घेतली, सोडली आणि रोवू लागली. परवापासून नवराबायकोत एवढीच देवाणघेवाण होती.

चंद्रपूरच्या एका लॉजमध्ये तो मॅनेजर होता. कोरोनात लॉज बंद पडला, मालकाने फोन उचलणं सोडलं, आणि दोघं मुलचेऱ्याकडच्या या गावी त्याच्या बापाकडे आली. तेव्हापासून वड्याचं तेल वांग्यावर निघत होतं. भाजीत मीठ कमी पडलं तरी बायकोचं माहेर निघायचं. परवा तर त्याने चारचौघांत तिच्यावर हात उगारला. मारलं नाही, पण तिने भावाला फोन केला. आज रोवणा आटोपला की उद्या हा भाऊ, हरिदास, तिला न्यायला मोटारसायकल घेऊन येणार होता. प्रफुलला तिला थांब म्हणायचं होतं, आणि तेवढंच काही केल्या तोंडातून निघत नव्हतं.

"थांबा वं!" त्याचे वडील वामनराव पलीकडच्या धुऱ्यावरून ओरडले. "हलक्या धानाचे पऱ्हे कोनं आनले इथी?"

लवकर येणारं हलकं धान वरच्या बांधीचं. ही खोलगट बांधी उशिरा येणाऱ्या भारी धानाची. दोन्ही एकात रोवलं तर अर्धं पिकून गळतं तेव्हा अर्धं हिरवंच असतं. शेतकऱ्याच्या पोराने अशी चूक करावी, म्हणजे गावाला हसायला निमित्तच. प्रफुलने मान खाली घातली.

"मीच सांगतलं त्यायले, मामाजी," मयुरी म्हणाली. "मले वाटलं, हे भारीच हाय."

"तुह्या बापानं कधी धान पाह्यलं नाई का?"

वामनराव तिला नाही नाही ते बोलले, सगळं उपटायला सांगून तणतणत वरच्या बांधीकडे गेले. ती उपटायला वाकली.

"खोटं काऊन बोलली?" प्रफुलने हळूच विचारलं.

"मी त उद्या चालली." ती पऱ्हे उपटता उपटता म्हणाली. "माह्या नावानं दोन रोज बोंबलतीन अन् भुलून जातीन. तुमाले इथीच राहाचं हाय."

तिच्या आवाजात रागही नव्हता. तेच त्याला सोसवेना.

"बाबा!" तो ओरडला. "माही चूक होती! तिनं नाई सांगतलं!"

वामनराव लांब गेले होते. त्यांना ऐकू गेलं नाही. बायकांनी मात्र ऐकलं आणि सगळ्यांचे हात थांबले. प्रफुल चिखल तुडवत बापामागे निघाला.

"मयुरे, चालला वं तो सांगाले," शेजारची रंभा म्हणाली.

"लय उशीर केला," मयुरी म्हणाली. पण उपटायचं सोडून ती तिकडेच बघत उभी राहिली.