पूर्वेकडे तोंड केलेलं पॅनेल

विकत का नाही आणलं, असं सगळ्यांनी विचारलं आणि मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. खरं उत्तर असं की सोलर पॅनेल बनवायला घेतल्यावर मला अंगणात बसायला कारण मिळालं. आतल्या खोलीत बसायचं टळत होतं.

आतल्या खोलीत माझी बायको अंजनी होती. दिवाळीच्या आधी तिला पक्षाघात झाला आणि डावी बाजू गेली. बोलणं तेवढं राहिलं, सावकाश पण स्पष्ट. डॉक्टरांनी हवेची गादी आणायला लावली. त्या गादीला एक छोटा पंप असतो, तो तिचे कप्पे आळीपाळीनं फुगवतो आणि रिकामे करतो, म्हणजे एकाच जागी भार पडून पाठीला जखमा होत नाहीत. वीज गेली की पंप बंद आणि थोड्या वेळात गादी चपटी. नेमकं त्याच हिवाळ्यात महाराजपूरला आमच्या कॉलनीत रस्ता रुंद करायला विजेचे खांब हलवायला घेतले. सकाळी दहाला वीज जायची ती पाचला यायची, रविवारीसुद्धा.

मग दर तासाला तिला या कुशीवरून त्या कुशीवर करायचं. मी सदुसष्ट वर्षांचा. दुपारपर्यंत कंबर अशी धरायची की पाण्याचा तांब्या उचलायचाही कंटाळा यायचा. खोटं कशाला बोलू, दोनदा मला बसल्याबसल्या झोप लागली आणि ती तशीच एका कुशीवर पडून राहिली. तिनं मला उठवलं नाही. नोव्हेंबरात तिच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. सुई द्यायला येणारी नर्स, लतिका दीदी, मला बाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, "अंकल, ये खुलना नहीं चाहिए. खुल गया तो बहुत मुश्किल होगी."

तेवढं एकच माझ्या डोक्यात राहिलं. डाग उघडायला नको.

चौतीस वर्षं मी फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होतो. दुसऱ्यानं बनवलेला माल मापाच्या गेजला लावायचा, नापास असला तर लाल रंगाचा ठिपका द्यायचा आणि कारण लिहायचं. स्वतः मात्र कधी एक खिळाही धड ठोकला नाही, हे अंजनी सगळ्यांना सांगायची. आता फोनवर कुण्या मास्तराचे हिंदी व्हिडिओ लावून मी सेल जोडायला बसलो. छत्तीस सेल, नऊ-नऊच्या चार ओळी. सेल म्हणजे निळा, तळहाताएवढा आणि पापडाहून पातळ. पहिल्याच दिवशी सात मोडले. एकाच्या तोंडावरची पट्टी दुसऱ्याच्या पाठीला कथलाचा डाग देऊन जोडायची असते, ती मी एक अख्खी ओळ उलटी जोडली आणि सगळी उकलून पुन्हा केली. बोटं दोन ठिकाणी भाजली. काचेसाठी जुन्या खिडकीचं तावदान काढलं, कडा सिलिकॉननं बंद केल्या. तीन आठवडे गेले. मीटरवर वीस व्होल्ट दिसले तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त आडवं व्हावंसं वाटलं.

स्कूटरच्या शेडच्या पत्र्यावर पॅनेल बसवलं. खाली बॅटरी, छोटा इन्व्हर्टर, तिथून खिडकीतून वायर आत पंपाला. वीज गेली तरी पंप चालू राहिला. पण एकच्या सुमाराला बॅटरी उतरली, इन्व्हर्टर टीं-टीं करायला लागला आणि बंद पडला. दुसऱ्या दिवशी तेच. रोज तेच. मी म्हणालो, सेलच खराब आहेत, फसवलं लोकांनी. घमापूरहून दुसरी बॅटरी आणली. तरी एक वाजला की टीं-टीं, आणि मी पुन्हा कंबर धरून आत.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी लतिका दीदीनं डागावरचा कापूस काढला आणि मला जवळ बोलावलं. डाग उघडला होता.

संक्रांतीला श्रीकांत तिळगूळ घेऊन आला. हा अंजनीचा धाकटा भाऊ, मदन महलला राहतो, रेल्वेत सिग्नलला होता. बहिणीच्या हातात तिळगूळ ठेवून तो अंगणात आला, चहा हातात घेऊन पत्र्याकडे बघत राहिला.

"भाऊजी, हे पूर्वेकडे काहून लावलं?"

"सकाळचं ऊन चांगलं मिळते."

"सकाळी तर धुकं असते ना जी. ऊन निघते तवरक सूर्य वर चढून जाते. थंडीत सूर्य दक्षिणेतून फिरते, पॅनेलचं तोंड दक्षिणेकडेच पाहिजे. तुमच्या मास्तरनं सांगितलं नाही काय?"

मी म्हणालो, व्हिडिओत तसं काही नव्हतं.

"होतं," खिडकीतून अंजनीचा आवाज आला. "रोज सांगत होता तो. मुँह सीधा दक्षिण की तरफ. तुमचा फोन मोठ्यानं असते."

श्रीकांतनं माझ्याकडे बघितलं आणि चहाचा कप घेऊन उगाच फाटकापाशी गेला.

मी देवधर्म करणारा माणूस नाही. फॅक्टरीत लोक मशीनला लिंबू-मिरची बांधायचे तेव्हा त्यांची थट्टा करायचो. पण आई सांजवात लावायची तेव्हा दिव्याचं तोंड दक्षिणेकडे होऊ द्यायची नाही. ती यमाची दिशा. वर्षातून एकदा, धनत्रयोदशीला, तेवढा एक दिवा तिकडे तोंड करून ठेवायची. अंजनी दवाखान्यात होती त्या धनत्रयोदशीला आमच्याकडे तो दिवाही लागला नाही. तेव्हापासून ती चूक माझ्या डोक्यातून जात नव्हती. पॅनेल पत्र्यावर चढवताना मास्तराचं वाक्य मला पाठ होतं. पण जिच्यासाठी ही सगळी खटपट, तिच्या नावानं यमाच्या दिशेला तोंड करून काही ठेवायला माझा हात धजेना. पूर्व तर पूर्व, असं म्हणून चार बोल्ट आवळले. आणि महिनाभर सेलना शिव्या दिल्या.

मी आत गेलो. तिची खाट खिडकीला लागून आहे. तिथून शेडचा पत्रा पूर्ण दिसतो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"तुले माहीत होतं?"

"इथं पडून दुसरं काय बघून राहिली मी?"

"मग बोलली काहून नाही?"

तिला वाक्य जुळवायला वेळ लागतो.

"दवाखान्यातून आणलं त्या दिवशी तुम्ही ही खाट फिरवली. एकट्यानं. माझे पाय दक्षिणेला नको म्हणून. मी झोपली असं तुम्ही समजले." तिनं उजव्या हातानं खिडकीबाहेर दाखवलं. "इतकी भीती आहे तर राहू द्यावं, म्हटलं. पण आता लई दुखते हो. फिरवा ते."

चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या मालावर कारण लिहीत आलो होतो. या जखमेचं कारण मी होतो, आणि तिनं ते महिनाभर पाठीखाली घेऊन काढलं होतं.

श्रीकांत पत्र्यावर चढला, मी खालून पाना दिला. पाव तासाचं काम. पश्चिमेच्या दुमजली घराची सावली कुठवर येते ते त्यानं बघितलं, पॅनेल थोडं तिरपं केलं आणि हात झटकत खाली उतरला. तेव्हा अकरा वाजले होते.

एक वाजला, इन्व्हर्टर गप्प राहिला. दोन वाजले. श्रीकांत जेवून गेला. तीनलाही पंपाची घरघर चालू होती आणि गादी तिच्या अंगाखाली हळूहळू वरखाली होत होती. मी सवयीनं अंगणात जायला उठलो. अंगणात आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"बसा," ती म्हणाली.

मी स्टूल ओढून तिच्या उजव्या हाताशी बसलो. ती पत्र्याकडे बघत होती.

"अजून भीती वाटते?"

"हो."

"मले पण वाटते," ती म्हणाली. "उठू नका आता."