नळवाले काका आणि दडलेला ठिपका

मशीनवाल्या ताईला खोटं चटकन कळायचं. बावीस वर्षं पेट स्कॅनच्या मशीनवर काढलेली बाई ती. माणसं लाजेपोटी काय काय थापा मारतात, हे तिला तोंडपाठ होतं.

आज नळवाले काका आले होते. जन्मभर लोकांचे तुंबलेले नळ मोकळे करणारा गडी! तीन वर्षांपूर्वी प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि आता त्या कॅन्सरची चाहूल देणारा रक्तातला आकडा पुन्हा वर सरकत होता. कॅन्सर परतलाय का, कुठे, एवढंच बघायचं होतं. पेप्टाइडच्या, म्हणजे प्रथिनाच्या इवल्याशा तुकड्याला किरणोत्सारी धातू जोडून सकाळीच औषध तयार केलं होतं. शिरेतून आत गेलं की ते कॅन्सरच्या पेशी हुडकून त्यांना चिकटतं, आणि पडद्यावर तिथे उजेड दिसतो. उरलेलं लघवीत उतरतं. तासाभरात त्याचा जोर निम्म्यावर येतो, म्हणून घोळ घालायला सवड नाही.

स्कॅनआधी ताईने काकांना लघवीला पाठवलं होतं. तिची चादर अंथरून होईपर्यंत स्वारी परत हजर.

स्कॅन झाला. तरुण डॉक्टर म्हणाला, "कुठेच काही नाही. सोडा घरी."

"इतक्यात नाही," ताई म्हणाली. "मूत्राशय बघा कसं पेटलंय. त्या झगमगाटामागचं काय दिसणार, कपाळ?"

"पण ते जाऊन आले ना?"

"नुसते जाऊन आले. त्या ऑपरेशनचा माणूस अर्ध्या मिनिटात मोकळा होतो होय? मला दहा मिनिटं द्या."

ती आत गेली. "काका, खरं सांगा."

काका छताकडे बघत राहिले. "बाहेर बाकावर बायको, शिवाय चार परकी माणसं. मला वेळ लागतो हो. सगळे कान लावून बसल्यासारखे वाटतात. लाज वाटते."

ताई हसली नाही. बाकावरच्या मंडळींना तिने जिन्याकडे पिटाळलं आणि टॉयलेटमधला नळ पूर्ण सोडला. "वाहत्या पाण्याचं मी तुम्हाला काय शिकवणार? बसा निवांत."

दहाची बारा मिनिटं झाली. मग ओटीपोटाचा स्कॅन पुन्हा घेतला. मूत्राशय विझल्यात जमा होतं, आणि त्याच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढा एक ठिपका चमकत होता.

"अरे देवा, मी स्वच्छ म्हणून लिहिणार होतो," डॉक्टर पुटपुटला. ताईला आपलं खरं ठरल्याचं फार वाईट वाटलं.

डॉक्टरने नवराबायकोला समोर बसवून सगळं सांगितलं. परतलाय, पण एकाच जागी आणि एवढासाच. तेवढ्याच जागेवर किरणं देता येतील. काकू पदराने डोळे पुसू लागल्या.

"रडतेस काय? गळती सापडली. न सापडणारी वाईट," काका म्हणाले आणि उठले.

बाहेर पुढचा पेशंट, एक ताठ म्हातारा, टॉयलेटमधून लगबगीने परत येत होता. काका त्याच्या वाटेत उभे राहिले.

"झाली?"

"झाली की."

"थापा मारू नका, परत जा!" काका भर व्हरांड्यात गरजले. "आणि नळ सोडून बसा. कुणी ऐकत नाही, मी उभा आहे बाहेर."