तातडीची गरज

सासरे घामाने निथळत होते, छाती दाबून धरली होती, आणि तरी मला गाडी वळवू देत नव्हते.

"सरळ घे. मिलिटरी हॉस्पिटल."

"बाबा, ते चाळीस किलोमीटरवर आहे. इथलं हॉस्पिटल पुढच्या चौकात आहे."

"आपलं फौजेचं कार्ड तिथं चालतं."

"इमर्जन्सीत कुठंही चालतं, नंतर कळवायचं. अख्ख्या गल्लीला तुम्हीच शिकवलंय ना हे?"

सासरे फौजेत होते खरे, पण त्यांचं हत्यार म्हणजे शिक्का. अठरा वर्षं त्यांनी उपचारांच्या बिलांचे अर्ज तपासले. छातीत दुखतंय म्हणून कुणी जवळच्या खाजगी हॉस्पिटलात धावायचं, तपासणीत काही निघायचं नाही, आणि सासरे शिक्का मारायचे: 'तातडीची गरज दिसून येत नाही'. बिल ज्याचं त्याच्या गळ्यात. सख्ख्या भावालाही सोडलं नाही, हे ते जेवताना कौतुकाने सांगायचे.

"गॅस निघाला तर?" ते धापा टाकत म्हणाले. "सगळं बिल पोराच्या डोक्यावर."

"निघू दे गॅस!" मागून सासूबाई ओरडल्या. माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली, त्यांचा आवाज स्वयंपाकघराबाहेर कधी आला नव्हता. "सूनबाई, तू वळव. यांच्या नियमांचं मी बघते."

मी वळवली. मागच्या गाडीवाल्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

दारात स्ट्रेचर आलं तर सासऱ्यांनी सीटबेल्टच धरून ठेवला. ओठ निळे पडले होते, तरी पकड सुटेना. सासूबाईंनी एकेक बोट सोडवलं.

आत डॉक्टरबाईंनी वायरी लावल्या. कागदाची पट्टी सरकत बाहेर येऊ लागली. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी मी डोळे फाडून बघत होते. सासरे मात्र डॉक्टरबाईंच्या तोंडाकडे बघत होते. ऑफिसात सासऱ्यांच्या टेबलासमोर उभे राहिलेले लोक असेच बघत असणार.

"हार्ट अटॅक आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "लगेच आत घेतोय."

सासऱ्यांनी डोळे मिटले आणि, खोटं नाही सांगत, त्यांचा चेहरा खुलला.

"पोरगं सुटलं," ते पुटपुटले. "तेवढं 'तातडीचं' असं लिहा, मॅडम."

हार्ट अटॅक आल्याचं समाधान मी माणसाच्या तोंडावर पहिल्यांदाच पाहिलं. मला त्यांचा इतका राग आला, इतका राग आला, की भिंतीला टेकून मी हमसून हमसून रडले.