खामगावचा नंबर

“गुलाबभाऊ, तुमीच सांगा हिले. असा फोन उचलाव का?”

गोजरबाईंनी विचारलं आणि समाजमंदिरात बसलेल्या सगळ्या बायका गुलाबरावांकडे वळल्या. बचत गटाची बैठक होती. गटाच्या खात्यातली सगळी शिल्लक मंगळवारी कोणा भामट्याने फोनवरून उचलली होती. फोन आला होता गटाच्या अध्यक्ष जनकाबाईंना. त्या भिंतीला टेकून, पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. त्यांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला म्हणून बायकांनी गुलाबरावांना घरून बोलावून आणलं होतं.

बोलावणार नाहीत तर काय! सोनाळ्यात एके काळी गुलाबरावांचं एसटीडी बूथ होतं. सुरतेला कामाला गेलेला मुलगा असो की पुण्यात दिलेली लेक, गावोगावचे कोड त्यांना तोंडपाठ. मग मोबाइल आले. बूथमध्ये आता ते वह्या, पेनं आणि रिचार्ज विकतात. कोड कोणी विचारेना तेव्हा बिचारे बरेच खचले होते. पण फसवणुकीचे फोन सुरू झाले आणि गुलाबरावांना पुन्हा बरे दिवस आले. अनोळखी नंबर दिसला की माणसं वाजता फोन घेऊन त्यांच्या दुकानात पळत यायची. “भाऊ, कुठचा हाय हा?” मग ते कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढायचे आणि निकाल द्यायचे. परक्या देशाचा कोड असला की “कापून टाक.” एकदाच वाजून बंद झाला की “उलटा लावू नोको, बॅलन्स खाईन.” त्यांच्यामुळे बरीच माणसं वाचली, हे खरं आहे. त्याचा त्यांना थोडा ताठा चढला होता, हेही खरं आहे.

मंगळवारी जनकाबाई अशाच आल्या होत्या. गुलाबरावांनी नंबर पाहिला आणि ते हसले. शून्य सात दोन सहा तीन.

“उचला, जनकाबाई. खामगावचा हाय. आपल्याकडचाच.”

बाईंनी उचलला. पलीकडचा माणूस गोड बोलत होता. बँकेतून बोलतो म्हणाला, गटाचं खातं आज बंद पडेल म्हणाला, मोबाइलवर आलेला आकडा तेवढा वाचून दाखवा म्हणाला. बाईंनी गुलाबरावांकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली आणि गिऱ्हाइकाला पेनं दाखवायला वळले. आकडा बाईंनी त्यांच्या पाठीमागेच वाचून दाखवला. तो आकडा कोणाला सांगायचा नसतो, हे गुलाबरावांनी अख्ख्या गावाला बजावलं होतं. पण त्या दिवशी त्यांचं लक्षच नव्हतं. खामगावचा माणूस आपल्याला कशाला फसवेल?

पोलीस ठाण्यात बाईंसोबत तेच गेले होते. तिथले हवालदार शेषराव म्हणाले, “फोनवर दिसते तोच नंबर खरा राह्यते असं नाई, भाऊ. ते लोक कुठंही बसतात अन् पाह्यजे तिथला नंबर दाखवतात.” तक्रार नोंदवली, पण पैसे तोवर कुठल्या कुठे गेले होते. गुलाबराव बाईंसाठी धावले म्हणून गावात त्यांचं कौतुकच झालं. ते कौतुक त्यांनी निमूट ऐकून घेतलं. रात्री जेवण गेलं नाही.

आता त्यांनी घसा खाकरला. “बाहेरच्या देशाचा कोड असला त…” त्यांनी सुरुवात केली. स्वतःच्याच आवाजाची त्यांना किळस आली. तरी ते बोलत राहिले. बँक असा आकडा विचारत नाही, शंका आली तर फोन ठेवून द्यावा, आपण होऊन बँकेत जावं. बायका माना डोलावत होत्या.

“एवढं हे गावाले सांगून राह्यले,” पुष्पांजली म्हणाली. गटाकडून तिला शिलाई मशीन मिळायचं होतं, ते आता गेलं. “भाऊचं दुकान त तुमच्या घरासमोर हाय, मावशी. इचारलं काऊन नाई?”

जनकाबाईंनी पदर बाजूला केला. गुलाबरावांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

“राह्यलं,” त्या म्हणाल्या. “चुकलं माह्यं.”

“मंग अध्यक्षपद सोड,” गोजरबाई म्हणाल्या.

“सोडलं.”

चोर सोडून संन्याशाला सुळी, ती ही अशी. धरणीने पोटात घ्यावं असं गुलाबरावांना झालं. गप्प बसणं किती सोपं होतं! बाईंनी सगळं अंगावर घेऊन त्यांना वाट मोकळी करून दिली होती. घरी काम आहे म्हणून निघून जावं, असंही मनात आलं. त्यासाठीच ते उठले. पण दाराकडे जायचं सोडून ते बायकांकडे वळले.

“तिनं इचारलं होतं,” ते म्हणाले. “मलेच इचारलं होतं. खामगावचा हाय, उचला, असं मीच सांगतलं. माह्याच दुकानात उभी राहून बोलली ती.”

बायकांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गोजरबाई म्हणाल्या, “पुढचं उद्या पाहू,” आणि एकेक जण उठून गेली. पुष्पांजली दारात थांबली. तिने गुलाबरावांकडे पाहिलं आणि निघून गेली.

जनकाबाई सतरंजी गोळा करायला मागे राहिल्या. गुलाबराव दुसरं टोक धरायला गेले.

“जनकाबाई, माफ करा मले.”

“सांगतलं काऊन?” त्या चिडून म्हणाल्या. “माह्यं पद गेलं त गेलं. मी घरी बसीन. पन आता फोन वाजला त गावानं इचाराव कोनाले?”

खाली मान घालून गुलाबरावांनी आपलं टोक बाईंच्या हातात दिलं.